छोटा डेस्कटॉप घ्यावा का? नवा एन१०० की वापरलेला आय५-८५००टी

टेबलावरचा_पसारा

काम असं: ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, मोठ्या एक्सेल फाइली, दिवसाला दोनेक व्हिडिओ कॉल, अधूनमधून फोटो कापणं-उजळणं. गेम नाहीत. मॉनिटर एकच, पण ४के. टॉवर ठेवायला जागा नाही.

साधारण सारख्याच किमतीत दोन पर्याय आहेत. पहिला, नवा मिनी पीसी: इंटेल एन१०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. दुसरा, ऑफिसांतून निघालेला एक लिटरचा डबा: आय५-८५००टी, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. की दोन्ही सोडून थांबावं? पाच वर्षं तरी चालायला हवा.

शून्य_एक

थांबायची गरज नाही, या कामाला दोन्ही पुरतात. फक्त प्रोसेसरच्या नावावरून ठरवू नका. या डब्यांत खरी गोम जाहिरातीत न लिहिलेल्या गोष्टींत असते.

एन१०० मध्ये ४ कोअर आहेत, तेही इंटेलचे छोटे, कमी विजेवर चालणारे ई-कोअर. एकूण ताकद जुन्या आय५-६५०० च्या आसपास. ८५००टी मध्ये ६ पूर्ण कोअर. एका कोअरच्या वेगात फार फरक नाही, म्हणून नुसतं टायपिंग किंवा एखादं पान उघडणं दोन्हीवर सारखंच वाटेल. व्हिडिओ कॉल चालू, मागे वीस टॅब, वर एक्सेलचं रिकॅल्क्युलेशन, असं एकदम आलं की एन१०० ची धाप लागलेली कळते.

दुसरं, मेमरी. एन१०० ला मेमरी चॅनल (रॅम आणि प्रोसेसरमधला रस्ता) एकच. इंटेलच्या कागदावर कमाल १६ जीबी; ३२ ची एक रॅम-पट्टी बऱ्याच डब्यांत चालते, पण ती हमी नव्हे. काही मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, मग वाढवायचा विषयच संपला. ८५००टी च्या डब्यात सहसा दोन स्लॉट असतात. आत ८ ची एकच पट्टी असेल तर ८ ची आणखी एक डीडीआर४ लॅपटॉप पट्टी टाका: १६ जीबी होतात आणि ड्युअल चॅनल सुरू होतं. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे ४के स्क्रीनवर याचा उपयोग होतो.

आता एन१०० ची बाजू. एव्ही१ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) व्हिडिओ तो हार्डवेअरमध्ये उलगडतो, ८५००टी ला ते जमत नाही. ४के एव्ही१ व्हिडिओ लावला की सगळा भार कोअरवर येतो आणि पंखा ओरडू लागतो. उपाय आहे: ब्राउझर एक्स्टेन्शनने एव्ही१ बंद करा, मग साइट बहुधा व्हीपी९ ही आधीची पद्धत पाठवते आणि ते ८५००टी हार्डवेअरमध्ये चालवतो.

माझं मत: पट्टी वाढवायची तयारी असेल तर ८५००टी. आवाज, वीज आणि वॉरंटी महत्त्वाची असेल तर एन१००.

खडूस_कीबोर्ड

वापरलेल्यात 'आय५' एवढंच लिहिलेलं असेल तर पूर्ण नंबर मागा. ६५००टी, ७५००टी, ८५००टी दिसायला जवळपास सारख्याच डब्यांत येतात. विंडोज ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या ८ व्या पिढीपासून सुरू होते (७ वीतले मोजके अपवाद सोडून), आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पाच वर्षं म्हणताय तर ६ वी-७ वी पिढी फुकट मिळाली तरी नको. लिनक्स टाकणार असाल तर गोष्ट वेगळी.

४के चं पोर्टही बघा. त्या पिढीच्या बऱ्याच डब्यांत एचडीएमआय १.४ असतं, म्हणजे ४के ला ३० हर्ट्झ, आणि माउसचा बाण अडखळताना डोळ्यांना दिसतो. डिस्प्लेपोर्ट १.२ वरून ६० मिळतात. केबल डिस्प्लेपोर्टचीच घ्या. मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल तर 'ॲक्टिव्ह' (स्वतः सिग्नल बदलणारा) कन्व्हर्टर लागेल, साधा स्वस्तातला चालणार नाही.

टेबलावरचा_पसारा

दोघांचे आभार. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट आहे, त्यामुळे ८५००टी कडे कल झुकलाय. घेताना समोर बसून काय काय तपासू? अर्धा तास मिळेल.

सोल्डरगन

अर्धा तास भरपूर झाला. क्रम मात्र हाच ठेवा.

आधी बायोस (विंडोजच्या आधीचा सेटिंगचा पडदा) उघडा. पासवर्ड मागितला तर तिथूनच परत फिरा. व्यावसायिक मॉडेलांत तो अनेकदा बोर्डावरचा सेल काढूनही पुसला जात नाही. मग इंटरनेट जोडून विंडोज रिसेट करायला सांगा. सेटअपच्या वेळी एखाद्या कंपनीचं नाव आणि तिचं लॉगिन दिसलं, तर यंत्र अजून त्या कंपनीच्या ऑटोपायलट (कंपनीची यंत्रं दुरून सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची सोय) नोंदीत आहे. कितीही वेळा फॉर्मॅट केलं तरी ते पुन्हा येतं, कारण नोंद डिस्कवर नसून सर्व्हरवर असते. ती फक्त जुना मालकच काढू शकतो.

नंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामात एसएसडीचे तास आणि उरलेलं आयुष्य बघा. तिथेच ती एनव्हीएमई (वेगवान) आहे की साटा (त्याहून हळू) हेही कळतं.

मग १०-१५ मिनिटं सगळ्या कोअरवर भार टाका आणि तापमानापेक्षा वेगाकडे बघा. ८५००टी चा मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ. पूर्ण भारात त्याच्या वर टिकला तर ठीक. हळूहळू खाली घसरत गेला तर हीटसिंकमध्ये धूळ आहे किंवा प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे, ते घरी साफ होतं. सुरुवातीपासूनच ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास अडकला असेल तर आधी अडॅप्टरवर संशय घ्या. काही कंपन्यांचे डबे अडॅप्टरची ओळख तपासतात, आणि ओळख पटली नाही की प्रोसेसरला लगाम घालतात. प्लग बसतो, यंत्र सुरू होतं, पण रांगतं. मूळ ६५ वॉटचा अडॅप्टर सोबत घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

वायफायचंही विचारा, काही डब्यांत कार्डच नसतं. आणि वायरलेस माउसचा डोंगल यूएसबी ३ पोर्टला खेटून लावू नका. त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये मिसळतो आणि बाण उड्या मारतो. यूएसबी २ चं पोर्ट किंवा वीतभर एक्स्टेन्शन केबल वापरा.

शून्य_एक

सोल्डरगन, अडॅप्टरचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता, बरं झालं लिहिलंत.

शेवटी मन बदलून एन१०० घेतलाच, तर आधीपासून घातलेल्या विंडोजवर विसंबू नका. मायक्रोसॉफ्टच्या इमेजवरून नव्याने टाका. त्याआधी विंडोज\सिस्टम३२\ड्रायव्हरस्टोअर मधला फाइलरिपॉझिटरी फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. नाहीतर नव्या विंडोजला वायफायचा ड्रायव्हर सापडत नाही, आणि तो उतरवायला नेट नसतं.