काब्रेल म्हणजे फक्त एका प्रेमगीताचा गायक नाही

कुणीतरी म्हटलंय की फ्रेंच गायक-गीतकार फ्रान्सिस काब्रेल म्हणजे १९७९ चं 'ज लेम आ मुरीर' हे प्रेमगीत आणि मग नुसती त्याचीच पुण्याई, ते काही पटलं नाही बुवा. ते गाणं गाजलं हे खरंच, त्याने स्पॅनिशमधेही गायलं आणि २०११ मधे शकीराने परत गायलं तेव्हा नवीन पोरांनाही कळलं.

पण १९९४ चा अल्बम ऐका ना, 'साम्दी स्वार स्युर ला तेर'. त्यात 'ला कोरिदा' आहे, बैलझुंजीचं गाणं, आणि बोलतोय कोण तर बैल! अंधाऱ्या खोलीत कोंडलेला, बाहेर लोकांचा गलका, आणि त्याला कळतच नाही की ही माणसं एवढी आनंदात का आहेत. मला शब्द अर्धेच कळत होते तेव्हाही अंगावर काटा आला होता.

माणूस नैऋत्य फ्रान्समधल्या आस्ताफोर या छोट्या गावचा, लहानपणी अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलन ऐकून गिटारकडे वळलेला. सुरुवातीला रेकॉर्ड कंपनीवाल्यांना त्याचा दक्षिणी उच्चारच नको होता, म्हणजे आपल्याकडे कोल्हापूरच्या पोराला पुणेरी बोलायला लावावं तसंच की! पुढे तोच हेल त्याची ओळख झाला. एवढा मोठा झाला तरी पॅरिसला न जाता गावातच राहिला, ग्रामपंचायतीसारख्या तिथल्या कौन्सिलवर निवडून आला, नवीन गीतकारांसाठी गावातच कार्यशाळा सुरू केल्या. २०१२ मधे डिलनची गाणी फ्रेंचमधे करून आख्खा अल्बम काढला, तोही ऐकाच.