टाकीत गोगलगायींचा सुळसुळाट, मोरचूद टाकू का?

टाकीवाली_कोथरूड
माशांची दोन फुटी टाकी आहे, २४ x १२ x १२ इंची. जावा मॉस, हायग्रोफिला, मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया. त्यात गप्पी आणि लाल चेरी कोळंबी. दिवाळीच्या सुमारास नवी रोपं आणली, त्यांच्यासोबत हे पाहुणे आले असणार. आता सकाळी दिवा लावला की समोरची काच मोहरी ते वाटाणा अशा सगळ्या मापांच्या गोगलगायींनी भरलेली असते. हायग्रोफिलाच्या खालच्या पानांना बारीक भोकंही पडली आहेत.

दुकानदार म्हणतो चिमूटभर मोरचूद टाका, दोन दिवसांत साफ. सासरे म्हणतात, राहू देत, त्यांचं काय वाईट आहे! (माशांना खाऊ घालायचं खातं सासऱ्यांकडे आहे. त्यांच्या एका चिमटीत माझ्या तीन बसतात.) कोणी अनुभवी असेल तर सांगा.

भिडू_९९
पी पफर मासे सोडा दोन. विषय संपला.

डोंबिवलीचे_काका
ताई, मोरचूद अजिबात नको. ते तांब्याचं मीठ, द्राक्षबागेत बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात शोभतं, टाकीत नाही. तांब्याने गोगलगायी मरतील, पण त्यांच्या आधी तुमची कोळंबी मरेल. पाणी जितकं मऊ तितका तांब्याचा दणका जास्त, आणि ते तळाच्या मातीत चिकटून बसतं, नंतर कोळंबी आणायची म्हटलं तरी पंचाईत. शिवाय शेकड्याने गोगलगायी वाळूत एकदम मेल्या की तिथेच कुजणार, अमोनिया चढणार आणि गप्पी वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागणार.

भिडू, पफर गोगलगायी खातो हे खरं. केरळच्या नद्यांतला इंचभर मासा, दिसतोही गोड. पण गप्पीच्या शेपट्या कुरतडतो आणि कोळंबीची पिल्लं तर त्याच्यासाठी फरसाण. या टाकीत नको. झेब्रा लोचही कोणीतरी सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो: तो आपल्याच सह्याद्रीतला, कृष्णेच्या खोऱ्यातला मासा, निसर्गात संकटात आहे. घोळक्याने राहतो, दोन फुटांत त्याची कुचंबणा होते.

आधी कोणत्या गोगलगायी आहेत ते बघा. एक उचला, टोक वर आणि तोंड आपल्याकडे असं धरा. तोंड डाव्या हाताला आलं, कवच पातळ, तपकिरी, ठिपकेदार असेल तर ब्लॅडर. ती काचेवर, पानांखाली पारदर्शक जेलीचे लांबट पुंजके घालते. चपटी, जिलबीसारखी गुंडाळलेली असेल तर रॅम्सहॉर्न. लांब, टोकदार सुळका असेल तर मलेशियन ट्रम्पेट. ही अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि नर नसला तरी चालतं, एक आली तरी वंश सुरू. दिवसभर वाळूत, रात्री बॅटरी मारली की दिसेल. भरदिवसा सगळ्या ट्रम्पेट काच चढू लागल्या तर मात्र पाणी तपासा, बहुधा प्राणवायू कमी पडलेला असतो.

आता पानांचं. या तिन्ही जाती धडधाकट पान सहसा खात नाहीत, सडलेलं खातात. हायग्रोफिलाच्या जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं आणि भोवती पिवळी कड असेल तर ती पोटॅशियमची कमतरता. पान आधी मरतं, गोगलगाय नंतर येते आणि आळ तिच्यावर. खत बदला.

तळ्यातून आणलेली लिंबाएवढी असेल तर गोष्ट वेगळी, ती रोपं खरंच फस्त करते.

टाकीवाली_कोथरूड
काका, तोंड डावीकडे! म्हणजे ब्लॅडर. थोड्या जिलब्याही आहेत. भोकांभोवती पिवळी कडही आहे, खत मागवते. पण संख्येचं काय?

डोंबिवलीचे_काका
संख्या खाण्यावर ठरते. उरलेला खाऊ आणि सडकी पानं मिळेनाशी झाली की पैदास आपोआप आटते. म्हणजे मामला तुमच्या सासऱ्यांशी आहे, गोगलगायींशी नाही. त्यांना नाही म्हणू नका. औषधाच्या गोळ्यांची सात खणांची डबी मिळते ना, तशी एक नवी आणा. रविवारी रात्री तुम्ही मोजून खाऊ भरा, रोजचा खण त्यांनी रिकामा करायचा. गप्पी दोन मिनिटांत संपवतील तेवढाच.

सोबतीला सापळा. रात्री दिवा बंद केल्यावर काकडीची जाड चकती जुन्या काट्याला टोचून तळाशी ठेवा, सकाळी दिवा लावायच्या आत उचला. चकतीची खालची बाजू गच्च भरलेली असते. रोज थोडं थोडं काढा. लहान असतील त्या काचेवरच बोटाने दाबा, गप्पी तुटून पडतात. काढलेल्या गोगलगायी मुठा नदीत किंवा विहिरीत सोडू नका. ब्लॅडर मूळची अमेरिकेची, बाहेर गेली की आवरत नाही.

मॉस_आणि_मी
काकांना +१. एक भर: फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा. माझ्याकडे पिल्लं आत शिरून पंखा अडकला होता. संख्या तरीही घटली नाही तर असॅसिन स्नेल हा पर्याय. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, दुसऱ्या गोगलगायी खाते, स्वतः हळू वाढते. धडधाकट कोळंबीच्या सहसा वाटेला जात नाही.

टाकीवाली_कोथरूड
डबी सासऱ्यांना पसंत पडली. फक्त रविवारचा खण दुप्पट हवा म्हणतात, सुट्टी म्हणून.

डोंबिवलीचे_काका
रविवारी उपास ठेवायला सांगा, माशांचा. मोठ्या गप्पींना एक दिवस उपास सोसतो, आणि उरलंसुरलंही वेचून खातात.

टाकीवाली_कोथरूड
:) सांगते. पुढच्या वेळी नवी रोपं कशी धुवायची? नळाखाली धरून अंडी जात नाहीत.

डोंबिवलीचे_काका
नाहीच जाणार, जेली चिवट असते. किराणा दुकानातली तुरटी घ्या, पूड करून लिटरला चहाचा एक चमचा, त्यात रोपं दोन-तीन तास. मग स्वच्छ पाण्यातून दोनदा काढा. तुरटीने गोगलगायी मरतात, अंडी सगळी मरतीलच असं नाही. म्हणून त्यानंतर रोपं उजेडातल्या पांढऱ्या बादलीत तीनेक आठवडे ठेवायची. अंडी राहिली असतील तर तोवर फुटतात आणि पांढऱ्यावर पिल्लं लगेच दिसतात. जावा मॉस नाजूक, ते तुरटीत अर्ध्या तासाच्या वर ठेवू नका.