छोट्या मिशनरी कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करू का?

कळव्याची_मुलगी
नमस्कार सगळ्यांना, यंदा बारावी सायन्स झालं, ६४% पडलेत. ठाण्यातल्या मोठ्या कॉलेजच्या लिस्टला नाव नाही लागलं आणि नवी मुंबईत एका ख्रिश्चन संस्थेच्या छोट्याशा कॉलेजात सीट मिळतेय, ट्रान्स-हार्बरने जाणंयेणं. मला केमिस्ट्रीच करायचीये. पण घरी आजी माळकरी, तिचं एकच चालू आहे, "माळ काढायला लावतील, प्रार्थनेला बसवतील." बाबांना टेन्शन वेगळंच, की इथून केमिस्ट्री करून नोकरी लागेल का. कोणी अशा कॉलेजात शिकलंय का? प्लीज खरं सांगा.

ऐरोलीकर_८८
मी शिकलोय अशाच एका कॉलेजात, आता महापेला एका फार्मा कंपनीत क्यूसीला (मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात) आहे. सकाळी असेंब्लीत दोन मिनिटं प्रार्थना व्हायची, आम्ही गप उभे राहायचो, आणि गुड फ्रायडेच्या आधी एक प्रवचन. तेवढंच. आजींना सांग, घटनेच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य संस्थेत तुझ्या संमतीशिवाय, आणि अठरा पूर्ण नसतील तर पालकांच्या संमतीशिवाय, धार्मिक शिक्षण किंवा उपासनेची सक्ती करता येत नाही. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त पोरं आपलीच होती, गणपतीत सगळे गायब.

आता मुद्द्याचं. आमच्या टीवायला (तिसऱ्या वर्षाला) केमिस्ट्रीला मोजून अकरा जण, त्यामुळे प्रत्येकाला आपापला ब्युरेट (थेंब थेंब द्रावण सोडायची खुणांची काचनळी), सीबीआर म्हणजे लागोपाठ सारखं रीडिंग येईपर्यंत तूच टायट्रेशन (द्रावणातलं प्रमाण काढायचा प्रयोग) करायचं, बाजूच्याचं रीडिंग कॉपी करायला बाजूला कोणी नाहीच! मोठ्या कॉलेजातला माझा मित्र म्हणायचा, चार जणांत एक सेट, ब्युरेट एकजण धरतो आणि बाकीचे तीन जर्नल लिहितात. पण एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारा सेट? मी कॉलेजात फक्त पुस्तकातल्या चित्रात बघितला. पहिल्या नोकरीत मोबाईल फेज (त्यातून सोडायचं द्रावण) बनवायला सांगितली तेव्हा फिल्टर करून डीगॅस करायची (विरघळलेली हवा काढायची) असते हेही माहीत नव्हतं, सिनियरने जाम झापलं होतं.

बोर्डावरची_धूळ
मी केमिस्ट्री शिकवते, कुठे ते विचारू नका. माळेचं बोलायचं तर लॅबमध्ये मीच म्हणते की माळ ड्रेसच्या आत घाल, ओढणी पिनअप कर, केस बांध, कारण बर्नर पेटलेला असतो. त्याला धर्माशी काही घेणंदेणं नाही, आजींना नीट समजावून सांग.

खरी भानगड दुसरीच आहे. मुंबई विद्यापीठाला संलग्न असेल तर डिग्री तीच मिळते, पण नवीन शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) आलंय आणि छोट्या कॉलेजात मुलं कमी आली की एखादा विषय मेजर म्हणून चालवतच नाहीत. केमिस्ट्री मेजर टीवायपर्यंत नक्की आहे ना, हे ऑफिसात लेखी विचार. चौथं ऑनर्सचं वर्ष आहे का तेही विचार, बऱ्याच ठिकाणी नसतं.

रबाळे_लोकल
सॉरी पण मी उलटं बोलणार. मीही छोट्या कॉलेजातून केलं (मिशनरी नव्हतं), आमच्याकडे एक सर तीन वर्ष सगळी ऑरगॅनिक शिकवायचे, ते आजारी पडले की ऑरगॅनिकही आजारी. सॉल्ट अ‍ॅनालिसिसला (क्षारात काय आहे ते ओळखायला) एचटूएस वायूचं उपकरण कायम बिघडलेलं, तो वायू लागणारा सेकंड ग्रुप सोडून द्या म्हणायचे. नोकरीचं तर तळोजा, टीटीसी (नवी मुंबईचा औद्योगिक पट्टा), अंबरनाथ सगळीकडे केमिस्ट लागतात, पण सुरुवातीला पगार कमी आणि नाईट शिफ्ट. बाबांना आधीच सांगून ठेव.

ऐरोलीकर_८८
@रबाळे_लोकल तेही खरंच आहे, सर बदलले की कॉलेज बदलतं. तरी छोटं म्हणून कमी समजू नका हं. झेवियर्समध्ये कायस रिसर्च लॅब आहे ना, ते कायस म्हणजे जेझुइट (एक ख्रिस्ती धर्मसंघ) फादर, मुंबईच्या हाफकिन संस्थेत औषधी वनस्पतींवर काम केलेले. झेवियर्स अर्थातच छोटं नाही, १८६९ चं आहे, पण फादर आणि केमिकल्स यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे एवढंच म्हणायचंय.

पुढे एमएस्सी करायची असेल तर आयआयटी जॅमचा (एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेचा) पेपर आत्ताच एकदा बघून घे, ३ तास, ६० प्रश्न, १०० मार्क. तिथे कॉलेजचं नाव कोणी विचारत नाही, माटुंग्याच्या आयसीटीचंही (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था) बघून ठेव.

कळव्याची_मुलगी
थँक यू सगळ्यांना! आज बाबांबरोबर जाऊन आले. सरांना डायरेक्ट विचारलं, लॅब बघू का, तर त्यांनी लॅब असिस्टंट मामांना हाक मारली आणि मामांनी कुलूप उघडून दाखवली. ब्युरेट स्टँड मी मोजले, चोवीस. यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) आहे, त्यावर कव्हर, कव्हरवर धूळ नव्हती 😄 मेजरचं लेखी देतो म्हणाले, सोमवारी बोलावलंय. चौथं वर्ष नाहीये. आजीने फक्त एवढंच विचारलं, कँटीनमध्ये एकादशीला साबुदाणा मिळतो का. मिळतो.