अतिवेगवान रेल्वेसाठी देशी खरेदीची अट शिथिल करावी का?

अंबरनाथकर

नमस्कार. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लहानसा कारखाना आहे. रेल्वेच्या डब्यांना लागणारे काही सुटे भाग आम्ही मोठ्या पुरवठादारांना करून देतो, म्हणजे रेल्वेशी आमचा संबंध थेट नसून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरचा आहे. प्रश्नामागे माझा स्वार्थ आहे हे आधीच सांगितलेले बरे.

सार्वजनिक खरेदीत देशी मालाला प्राधान्य देणारा केंद्र सरकारचा आदेश जून 2017 मध्ये निघाला. सप्टेंबर 2020 च्या सुधारणेनुसार ज्याच्या मालात किमान 50 टक्के स्थानिक मूल्य (किमतीतला देशात तयार झालेला वाटा) आहे तो पहिल्या वर्गाचा पुरवठादार आणि 20 ते 50 टक्के असेल तो दुसऱ्या वर्गाचा. 200 कोटी रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी जागतिक निविदा काढायलाही एरवी मनाई आहे. त्याच 2017 सालच्या सप्टेंबरात साबरमतीला ज्या मुंबई–अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेमार्गाची पायाभरणी झाली, त्याच्या 1,08,000 कोटींच्या मूळ अंदाजापैकी 81 टक्के रक्कम जपानच्या कर्जातून येणार होती आणि त्या कर्जासोबत जपानी तंत्र व जपानी गाड्याही येणार होत्या. भागभांडवलात केंद्राचे 10,000 कोटी आणि महाराष्ट्र व गुजरातचे प्रत्येकी 5,000 कोटी, म्हणजे पैसा शेवटी आपलाच आहे.

आता मुंबई–पुणे–हैदराबादसारख्या पुढच्या मार्गांची चर्चा सुरू आहे. जनतेच्या पैशातून उभ्या राहणाऱ्या अशा प्रकल्पांना देशी खरेदीच्या अटीतून सूट द्यावी का, आणि द्यायची तर कोणत्या वस्तूंना व किती काळ? भावनेपेक्षा व्यवहार जाणणाऱ्यांची मते वाचायला आवडतील.

निवृत्त स्टोअरवाला

रेल्वेच्या भांडार विभागात नोकरी गेली, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही. ‘प्रकल्पाला सूट’ ही मांडणीच मला मान्य नाही. सूट वस्तूला द्यायची असते आणि अतिवेगवान रेल्वे ही एक वस्तू नाही.

मुंबई–अहमदाबाद मार्गाचेच पाहा. खर्चाचा मोठा भाग स्थापत्याचा आहे आणि तिथे सूट मागण्याचे कारणच उरलेले नाही. गुजरातमधील 237 किलोमीटरचा पट्टा भारतीय कंपनीने घेतला. 40 मीटर लांबीचे, सुमारे 970 टन वजनाचे अखंड गर्डर उचलून खांबांवर ठेवणारे यंत्र सुरुवातीला बाहेरून आणावे लागेल असे वाटत होते, पण 2021 मध्ये तसे यंत्र कांचीपुरमच्या कारखान्यात तयार झाले. मार्गावरचे 28 पोलादी पूलही देशातल्याच कार्यशाळांत घडवले जात आहेत. हे काम जपानी निकषांनुसार आणि जपानी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले. पण देखरेख बाहेरची असणे वेगळे आणि माल बाहेरचा असणे वेगळे.

रुळांकडे वळलो की चित्र पालटते. खडीविना बसवायच्या जपानी पद्धतीच्या स्लॅब-ट्रॅकचे काँक्रीटचे ठोकळे गुजरातमधल्या कारखान्यांत ओतले जातात, रूळ मात्र जपानहून आले. ताशी 320 किलोमीटर वेगाला चालणारे सांधे-बदल (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारी जोडणी), विद्युत तारांची विशिष्ट जोडणी, सिग्नल यंत्रणा आणि प्रत्यक्ष गाडी या चार-पाच गोष्टींतच खरी अडचण आहे. या वस्तू देशात पूर्वी कोणी बनवलेल्याच नसतील, तर 50 टक्क्यांची अट घातल्याने त्या बनत नाहीत. निविदेला एकच बोली येते किंवा कोणीतरी बाहेरचा माल इथे जोडून त्यावर देशी शिक्का मारतो.

म्हणून माझे उत्तर असे की सूट द्यावी, पण तिला उतरती पायरी हवी. दक्षिण कोरियाने 1994 मध्ये फ्रेंच कंपनीशी 46 गाड्यांचा करार केला, तेव्हा पहिल्या 12 फ्रान्समध्ये आणि उरलेल्या 34 कोरियात बांधायच्या असे करारातच ठरले होते. 2004 मध्ये सेवा सुरू झाली आणि 2010 मध्ये त्यांची स्वतःच्या रचनेची गाडी रुळांवर आली. चीनने 2004 मध्ये जपानी रचनेच्या 60 गाड्या घेतल्या, त्यांपैकी तीन तयार आणल्या, सहा सुट्या भागांत आणून जोडल्या आणि 51 स्वतःच्या कारखान्यात बांधल्या. दोघांनीही पहिल्या गाड्यांना संपूर्ण सूट दिली, पण ती कुठे संपणार हे आधीच लिहून ठेवले.

आपल्या 2017 च्या आदेशातही परदेशी परवान्याखाली, टप्प्याटप्प्याने स्थानिक वाटा वाढवण्याचे वेळापत्रक असलेल्या उत्पादनाला किमान अटीतून सवलत देण्याची सोय आहे, आणि संबंधित खात्याच्या मंत्र्यांना लेखी आदेशाने अट कमी करण्याचाही अधिकार आहे. नवा कायदा करावा लागणार नाही, आहे ती तरतूद नीट वापरली तरी पुरे.

घणसोलीचा प्रवासी

काकांचे विवेचन पटते, तरी विरुद्ध बाजू कोणीतरी मांडायला हवी. शिळफाट्यापासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंतच्या 21 किलोमीटरच्या बोगद्याचे काम आम्ही इकडून रोज पाहतो. त्यातले 16 किलोमीटर यंत्राने खोदायचे आहेत आणि 7 किलोमीटर ठाणे खाडीखालून जातात. त्यासाठीची जर्मन कंपनीची यंत्रे चीनमधल्या कारखान्यात बनली आणि तिथून ती निघायला उशीर होत असल्याच्या बातम्या 2025 मध्ये आल्या. तेरा मीटरहून अधिक व्यासाचे यंत्र देशात मिळतच नसेल, तर अट कागदावर राहते आणि प्रकल्प थांबतो. प्रकल्प थांबला की भाववाढ, कंत्राटदारांचे दावे आणि न मिळालेले तिकिटाचे उत्पन्न हे सगळे करदात्याच्याच खात्यात पडते.

माझ्या मते पहिला मार्ग पूर्ण होईपर्यंत गाडी, सिग्नल आणि बोगदा-यंत्रे यांना सरसकट सूट द्यावी. उद्योग उभा करणे हे उद्योग खात्याचे काम आहे, प्रत्येक सार्वजनिक प्रकल्पाच्या पाठीवर ते ओझे कशासाठी?

लेखापाल, गिरगाव

मी खर्च-लेखापाल आहे, म्हणून आकड्यांपुरते बोलते.

ऑक्टोबर 2024 मध्ये चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने बीईएमएल या सरकारी कंपनीला आठ-आठ डब्यांच्या दोन देशी अतिवेगवान गाड्यांची 866.87 कोटींची मागणी दिली. गाडीचा रचना-वेग ताशी 280 किलोमीटर असून प्रत्येक डब्याची किंमत 27.86 कोटी सांगितली गेली. सोळा डब्यांचे सुमारे 446 कोटी होतात. उरलेले सुमारे 421 कोटी हे रचना, विकास, जिग-फिक्श्चर (भाग धरून ठेवणारे साचे), टूलिंग (उत्पादनाची खास हत्यारे) आणि चाचणी सुविधा यांसाठीचे एकवेळचे खर्च आहेत, आणि ही सामग्री पुढच्या प्रकल्पांनाही वापरता येईल असे कंपनीने तेव्हा म्हटले होते. म्हणजे देशी गाडीची निम्मी रक्कम गाडीची नसून शिकण्याची आहे. ती दोन गाड्यांवर लादली तर देशी माल महाग दिसतो, पन्नास गाड्यांवर पसरली तर डब्यामागे एक कोटीच्या आसपास येते. सूट द्यायची की नाही हे ठरवताना किमतीची तुलना कोणत्या संख्येवर केली, हे विचारल्याशिवाय कोणताही तक्ता मान्य करू नये.

घणसोलीकरांच्या ‘सरसकट’ या शब्दाला माझा विरोध याच कारणासाठी आहे. सरसकट सुटीत पहिला पुरवठादारच कायमचा पुरवठादार होतो. तैवानने 2007 मध्ये पूर्णपणे आयात गाड्यांवर सेवा सुरू केली. पुढे जादा गाड्या घ्यायच्या वेळी जपानी कंपन्यांचे दर इतके चढे आले की निविदा रद्द कराव्या लागल्या आणि अखेर 2023 मध्ये पुन्हा जपानकडूनच 12 गाड्यांचा करार झाला. दुसरा पर्याय उभा करण्याची वेळ निघून गेली होती.

हे मुंबईकरांना सांगावे लागू नये. चेंबूर–वडाळा मोनोरेल 2014 मध्ये मलेशियातून आलेल्या गाड्यांवर सुरू झाली. मूळ कंत्राट 2018 मध्ये संपुष्टात आल्यावर सुट्या भागांअभावी किती गाड्या उभ्या राहिल्या आणि फेऱ्यांमधले अंतर किती वाढले, हे वडाळ्याच्या लोकांना विचारा. नंतर हैदराबादच्या कंपनीकडून नव्या गाड्या बनवून घ्याव्या लागल्या. आयात करणे ही तिथली चूक नव्हती. रेखाचित्रे, सुट्या भागांचे हक्क आणि दुरुस्तीचे ज्ञान यांचा बंदोबस्त खरेदीच्या वेळी पुरेसा झाला नाही, ही होती.

आणखी एक मुद्दा. 0.1 टक्के व्याज आणि पन्नास वर्षांची मुदत ऐकून कर्ज फुकट वाटते, परंतु त्याबरोबर खरेदी कर्ज देणाऱ्या देशातूनच करायची असेल तर व्याजात वाचलेले पैसे किमतीत निघून जाऊ शकतात, शिवाय परतफेड येनमध्ये असल्याने विनिमय दराची जोखीम आपली. कर्जाच्या करारामुळे मिळालेली सूट ही खरे तर आपण दिलेली सूट नसतेच, ती घेतलेली अट असते. पुढच्या मार्गांसाठी पैसा कुठून येणार हे ठरण्याआधी देशी खरेदीवर चर्चा करणे त्यामुळे अपुरे आहे.

विक्रोळी पूर्व

अमेरिकेतली पद्धत इथे उपयोगी पडेल. केंद्रीय रेल्वे प्रशासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या तिथल्या प्रकल्पांत पोलाद, लोखंड आणि तयार माल अमेरिकेतच बनलेला हवा, असा कायदा आहे. सूट चारच कारणांनी मिळते: अट पाळणे सार्वजनिक हिताविरुद्ध असेल, माल पुरेशा प्रमाणात वा समाधानकारक दर्जाचा मिळत नसेल, गाड्या किंवा त्यांची शक्तियंत्रणा वाजवी वेळेत देशात मिळू शकत नसेल, किंवा देशी मालामुळे प्रकल्पाचा एकूण खर्च 25 टक्क्यांहून अधिक वाढत असेल. मला महत्त्वाचे वाटते ते असे की सुटीचा प्रस्ताव कारणांसह आधी जाहीर होतो, लोकांना व उत्पादकांना हरकत नोंदवता येते आणि मग निर्णय होतो. ‘ही वस्तू आम्ही बनवतो’ असे सांगण्याची संधी लहान कारखान्यालाही मिळते.

तिकडेही सगळे सुरळीत चालते असे नाही. वॉशिंग्टन–बोस्टन मार्गासाठी 2016 मध्ये मागवलेल्या 28 गाड्या फ्रेंच कंपनीने न्यूयॉर्क राज्यातल्या हॉर्नेलमध्ये बांधल्या आणि त्या प्रवाशांसाठी धावू लागल्या ऑगस्ट 2025 मध्ये. या उशिराची कारणे अनेक होती आणि जुना मार्ग हे त्यांतले मोठे कारण होते, पण देशी जोडणीची अट वेळ वाचवत नाही एवढे त्यावरून नक्की दिसते. तेव्हा घणसोलीकर म्हणतात तो उशिराचा खर्च खराच आहे. माझे म्हणणे इतकेच की तो खर्चही त्या जाहीर प्रस्तावात आकड्यांत मांडला जावा.

आपल्याकडे मंत्र्यांच्या लेखी आदेशाची प्रत देशी खरेदीच्या आदेशाखाली नेमलेल्या स्थायी समितीला पाठवायची असते. तो आदेश निघण्याआधी तीस दिवस संकेतस्थळावर ठेवला, तर कोणाचे काय बिघडणार आहे?

अंबरनाथकर

सर्वांचे आभार. लेखापालताई, एक शंका उरते. आमच्यासारख्यांना 50 टक्क्यांच्या अटीचा लाभ खरोखर पोहोचतो का? मोठा पुरवठादार आपला नफा, जोडणीची मजुरी, रंगकाम आणि वाहतूक धरून 50 टक्के दाखवतो आणि अवघड सुटे भाग बाहेरूनच आणतो, असे आम्ही जवळून पाहिले आहे.

लेखापाल, गिरगाव

तुमची शंका रास्त आहे. स्थानिक मूल्य म्हणजे ढोबळमानाने विक्रीमूल्यातून देशी अप्रत्यक्ष कर आणि आयात भागांची किंमत वजा करून उरलेली रक्कम. त्यात नफाही येतो आणि मजुरीही येते. दहा कोटींवरच्या खरेदीत लेखापरीक्षकाचा दाखला लागतो, परंतु तो दाखला बेरीज तपासतो, कोणता भाग कुठे बनला हे सांगत नाही. म्हणून अतिवेगवान गाडीसाठी टक्केवारीऐवजी भागांची यादी करावी असे माझे मत आहे: बोगी (डब्याखालची चाकांची चौकट), ब्रेक, दारे, ट्रान्सफॉर्मर, ट्रॅक्शन मोटर, चाके-आस, आणि प्रत्येकासमोर ‘अमुक गाडीपासून देशी’ असा क्रमांक. मग कोणत्या वर्षी कशाला सूट आहे हे तुम्हालाही आधी कळेल आणि टूलिंगमध्ये पैसे घालायचे की नाही हे ठरवता येईल.

निवृत्त स्टोअरवाला

ताईंच्या यादीत मी एक रकाना वाढवीन, तो मान्यतेचा. आरडीएसओची (रेल्वेच्या संशोधन व मानके संस्थेची) मान्यता मिळवायला लहान कारखान्याला जो काळ लागतो तेवढ्यात निविदा उघडून मालही पोहोचलेला असतो. त्यामुळे परदेशी पुरवठादाराला सूट देतानाच त्याच्यावर बंधन घालावे की ठरलेल्या भागांची रेखाचित्रे, धातूचे निकष आणि तपासणीची पद्धत तो पहिल्या गाडीबरोबर देईल आणि देशी नमुन्यांची चाचणी आपल्या खर्चाने करून घेईल. करारात हे नसेल तर नंतर मागून मिळत नाही. अंबरनाथकर, तुमच्या संघटनेने निवेदन द्यायचे ठरवले, तर सूट रद्द करा असे लिहू नका. हे कलम प्रत्येक सुटीच्या आदेशात घाला, एवढेच लिहा. मसुदा हवा असेल तर इथेच कळवा, मी लिहून देईन.