मदत हवी आहे: १९७१ च्या मिग-२१ वरचा झिजलेला हिरवा रंग कसा जमवावा?

मंडळी, नमस्कार.

एडुआर्ड कंपनीचा १/४८ (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढा) मिग-२१ चा मॉडेल किट जोडून झालाय, सांधे भरून, घासून रंगासाठी तयार आहे. त्यावर हवाई दलाच्या २८ स्क्वाड्रनचं १९७१ च्या युद्धातलं एफएल (मिग-२१ चा एक प्रकार) करायचंय. १४ डिसेंबरला गुवाहाटीहून उडून ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेटं सोडली, त्या तुकडीतलं. जोडणीत काही अडचण नाही. अडलंय ते वेदरिंगपाशी, म्हणजे वापराची झीज आणि मळ दाखवण्यापाशी.

आपली मिग-२१ तोवर उघड्या धातूच्या रुपेरी रंगात उडत होती. युद्धाच्या तोंडावर त्यांच्यावर घाईघाईने कॅमोफ्लाज चढवलं गेलं, तेही सगळ्यांवर एकसारखं नाही. म्हणजे हा कारखान्यात प्रायमर मारून नीट वाळवलेला रंग नव्हे. जिथे रोज माणसांचे हात-पाय लागतात, जिथे वारा आणि धूळ घासते, तिथे तो विरळ होत जाऊन खालचं अॅल्युमिनियम डोकावणार. मला तेच हवंय: झिजलेला रंग, टवके उडालेला नव्हे. नेटवरच्या बहुतेक व्हिडिओंत टवकेच शिकवतात आणि सगळी विमानं सरसकट भंगारातून उचलून आणल्यासारखी दिसतात.

जुन्या किटच्या पंखावर दोन प्रकार करून पाहिले. पहिला हेअरस्प्रेचा (मधला हेअरस्प्रे पाण्याने सुटतो आणि वरचा रंग निघतो). चकचकीत काळा बेस, त्यावर एके एक्स्ट्रीम मेटलचा अॅल्युमिनियम रंग, मग हेअरस्प्रे, वर व्हॅलेहोचा अॅक्रिलिक हिरवा. ओल्या ब्रशने घासलं की रंग विरळ होत नाही, त्याची कातडीसारखी पापुद्री सोलून येते आणि कडा फाटक्या राहतात. दुसरा मिठाचा (दाणे चिकटवून वर रंग मारायचा, मग दाणे झाडायचे). मीठ कितीही बारीक कुटलं तरी दाणा मोठाच पडतो. खऱ्या विमानावरचा पाच सेंटीमीटरचा टवका १/४८ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर होतो, आणि माझ्या पंखावर तीन-तीन मिलिमीटरचे डाग उठले. एवढ्या मोठ्या जागेचा रंग गेलेलं विमान कुणी लढाईवर पाठवेल का?

हे मॉडेल काकांना द्यायचंय. त्यांची उभी नोकरी ओझरच्या एचएएलमध्ये गेली आणि एफएल तिथेच बांधली जायची. मागे एका प्रदर्शनात तपकिरी ओघळ काढलेलं जेट बघून ते पटकन म्हणाले होते, "अरे, अॅल्युमिनियमला तांबडा गंज कुठून आला?" तेव्हापासून प्रत्येक डागाला कारण हवं असं मी धरून चाललोय.

तर, झीज दाखवायची योग्य पद्धत कोणती? ती नेमकी कुठे दाखवावी? आणि रंग उन्हाने विटलेला दाखवावा का? नाशकात सध्या पाऊस आहे, हवा दमट, तेही लक्षात घ्या.

वॉटरपेपर:
तुम्हाला झीज हवी आहे, तर झिजवाच की. हेअरस्प्रे सोडून द्या. व्हॅलेहोचा रंग वाळला की त्याची लवचीक फिल्म होते, म्हणून तो सोलला जातो. त्यात खाली हेअरस्प्रेचा थर जाड बसला असेल तर आणखीच.

मी असं करतो. धातूचा थर मारून किमान दोन दिवस हात लावायचा नाही. मग हिरवा लॅकर भरपूर पातळ करून, कमी दाबाने, दोन-तीन हलक्या हातांत. पूर्ण झाकायचंच नाही, धातूचा किंचित भास राहू द्यायचा. तो कडक वाळला की ३००० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून, नखाएवढा तुकडा बोटाच्या टोकावर धरून कडेकडेने फिरवायचा. आधी रिव्हेटची डोकी चमकतात, मग पॅनेलची कड, मग हळूहळू मधला भाग. हिरव्यातून रुपेरीकडे जाणारी ती धूसर पट्टी ब्रशने रंगवून येत नाही. दर चार-पाच फेऱ्यांनी पुसून बघा, कारण धातूचा थर पातळ असतो आणि त्याच्याही पलीकडे गेलात तर खालचा काळा दिसेल. आधी त्या जुन्या पंखावरच करा.

दर्यावर्दी:
वरच्या पद्धतीला अनुमोदन. फक्त पावसात लॅकर पांढरट पडतो, आम्हा कोकणातल्यांना हा त्रास चार महिने असतो. थिनरमध्ये थोडं रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव) घाला आणि दुपारी, पाऊस उघडल्यावर मारा. खोलीत तासभर आधी साठचा बल्ब लावून ठेवला तरी फरक पडतो.

कर्कटक:
कुठे आणि किती, याबद्दल लिहितो.

विटण्याचा प्रश्न आधी निकालात काढू. रंग युद्धाच्या तोंडावर चढलेला, महिना डिसेंबर, ऊन हिवाळ्याचं. तो विटायला वेळच मिळालेला नाही. तेव्हा रंग ताजा पण घासलेला, असं चित्र हवं. फिकट हिरव्याचे ठिपके मारून छटा पाडायचा मोह आवरा.

झीज मात्र मनापासून दाखवा. कॉकपिटच्या कडेला वैमानिक आणि शिडी दोन्ही लागतात, तिथे सर्वांत जास्त. पंख जिथे धडाला मिळतो तिथे बूट पडतात. पाठीवर इंधन भरायच्या झाकणाभोवती. तपासणीची जी पॅनेलं रोज उघडतात त्यांच्या स्क्रूंवर, पण एकेका ठिपक्याएवढीच. पंखाची आणि शेपटीची पुढची कड बारीक रेषेत. शेपटीच्या वरच्या टोकाला रंग उडाला तरी धातू दाखवू नका! तिथे अँटेनावरचं डायइलेक्ट्रिक (रेडिओ लहरी आरपार जाऊ देणारं, बिनधातूचं) आवरण आहे, अॅल्युमिनियम नाही. नाकाच्या शंकूलाही तोच नियम.

डागांची दिशा सांभाळा. पोटाखालचं तेल वाऱ्याने मागे ओढलं जातं, पण उभ्या शेपटीवरची घाण जमिनीवर उभ्या विमानात खाली ओघळते. दोन्ही एकाच दिशेने काढले की डोळ्याला खटकतं. यासाठी कॅम्लिनचा बर्न्ट अंबर ऑइल कलर पुरतो. पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा म्हणजे जवस तेल शोषलं जाईल, मग टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका लावून कोरड्या ब्रशने ओढा. पातळ करायला टर्पेंटाइन वापरू नका, ते खालच्या रंगाला खातं. बिनवासाचं व्हाइट स्पिरिट घ्या. आणि तुमचे काका बरोबर आहेत, तांबूस छटा जपूनच. राखाडीकडे झुकू द्या.

रॉकेटचे पॉड (पंखाखालच्या रॉकेटच्या नळकांड्या) विसरू नका. ५७ मिमीची सोळा रॉकेटं एका पॉडमध्ये, त्यामुळे पुढच्या छिद्रांभोवती काजळी हवीच. काळा सॉफ्ट पेस्टल वॉटर पेपरवर घासून त्याची पूड चपट्या ब्रशने लावा. पंखाखाली मात्र हलकाच हात.

(धागाकर्ता):
कर्कटक, शेपटीच्या टोकाचं माझ्या डोक्यातच आलं नसतं. मनापासून आभार!

काल संध्याकाळी जुन्या पंखावर ३००० चा पेपर फिरवून बघितला. पुढच्या कडेला रिव्हेटची एक रांग एकामागून एक उजळत गेली, आणि तिच्या मागे हिरवा रंग धुरासारखा विरत गेलाय. हेच हवं होतं. वॉटरपेपर यांनी सांगितलेली दोन दिवसांची वाट खरंच आवश्यक आहे. त्याच पंखाच्या ताज्या भागावर धातूचा थर लगेच गेला.

एकच प्रश्न उरलाय. जेट नळीजवळचा शेवटचा भाग उघड्या धातूचा ठेवणार आहे. आफ्टरबर्नरने (जादा जोरासाठी नळीत पेटवलेल्या इंधनाने) तापून तिथे जी छटा येते ती कशी आणावी?

वॉटरपेपर:
टामियाचे पारदर्शक रंग. आधी एक्स-१९ स्मोक, मग एक्स-२६ नारिंगी अगदी थेंबभर, आणि नळीच्या बाजूला एक्स-२३ निळा. तिन्ही खूप पातळ, पॅनेलप्रमाणे मास्क करून, कारण प्रत्येक पत्रा वेगळा तापतो. निळ्यावर थांबा, जांभळा झाला की मोटरसायकलचा सायलेन्सर दिसतो. झालं की फोटो टाका, काका काय म्हणाले तेही लिहा.