डेट्रॉइटमध्ये कट वगैरे नव्हता

अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातली १९६७ची दंगल बाहेरच्यांनी कट करून पेटवली, असं काही जण म्हणतात. नाही पटलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनाही तोच संशय होता, पण दंगलींची कारणं शोधायला त्यांनीच नेमलेल्या कर्नर आयोगाला कट सापडला नाही. ठिणगी पडली ती २३ जुलैच्या पहाटे, एका विनापरवाना गुत्त्यावरच्या पोलिस धाडीने. आत व्हिएतनामहून परतलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी पार्टी चालली होती, पोलिसांनी सरसकट सगळ्यांनाच उचललं. पुढे ४३ माणसं मेली.

कृष्णवर्णीयांच्या तक्रारींत आयोगाने पोलिसांची वागणूक सगळ्यात वर ठेवली. बेकारी आणि घरं त्यानंतर. जॉन्सननी अहवाल जवळजवळ गुंडाळूनच ठेवला. वंशावरून घरं नाकारण्याविरुद्धचा कायदा एप्रिल १९६८मध्ये आला खरा, पण मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या होऊन आठवडा उलटल्यावर.