सरासरीएवढा पाऊस झाला म्हणता, मग सोयाबीन गेलं कुठं?

काळं_रान (औसा)
परवा एकानं पोस्ट टाकली, मराठवाड्यात पाऊस सरासरीएवढा पडतोयच, शेतकऱ्यांनी हवामानाच्या नावानं रडणं बंद करावं, दोष पीक निवडीचा आहे. दोन दिवस डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय. पेरणी सरासरीवर होत नसते, ओलीवर होते. 2023 ला चांगली ओल बघून पेरलं, उगवण एकसारखी, आणि ऐन फुलोऱ्यात पावसानं दडी मारली. नोंदी 1901 पासूनच्या आहेत, त्यात देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. फुलं गळाली, लागल्या त्या शेंगांत दाणा ज्वारीएवढा. 2025 ला उलटं, सप्टेंबरात सीना, मांजरा पात्र सोडून शिवारात आल्या. माझं रान उंचावर म्हणून कापून बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) लावली होती, चार दिवस ताडपत्रीखाली राहिली, उघडली तर वाफ निघाली आणि शेंगेतच कोंब, हात घातला तर आतनं गरम. दोन वर्षं मिळवून सरासरी काढली तर चांगलीच दिसेल, घरात मात्र दोन्ही वर्षी काही आलं नाही.

माती_परीक्षण
ती पोस्ट माझी नाही पण मुद्दा मला पटतो, राग आला तरी चालेल. आपल्या आजोबांच्या रानात तूर, मूग, उडीद, ज्वारी, करडई सगळं असायचं, एक गेलं तर दुसरं हाताला लागायचं. आता या बांधापासून त्या बांधापर्यंत सोयाबीन. शंभर दिवसांचं पीक, पेरणी लांबली की काढणी परतीच्या पावसात सापडणारच. आणि उसाचं कुणी बोलत नाही. राज्यातलं लागवडीखालचं क्षेत्र बघा आणि त्या थोड्या उसाला सिंचनाचं किती पाणी जातं ते बघा, अर्ध्याच्या वर. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणलं तेव्हा त्याच जिल्ह्यात ऊस उभा होता. हे पावसानं केलं का?

उसाचा_फड
उसाला शिव्या देणं सोपं आहे सर. माझी तूर सलग तीन वर्षं ढगाळ हवेत गेली, धुकं पडलं की फूलगळ आणि मागून शेंगअळी. ऊस आडवा पडला तरी कारखान्याला जातो, एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, कायद्यानं ठरलेली. सोयाबीन हमीभावानं विकायला गेलो तर ओलावा जास्त म्हणून परत पाठवलं. ज्या पिकाला खात्रीनं कुणी घेतो तेच माणूस लावणार, तुम्ही पण लावलं असतं.

द्राक्षबाग_निफाड
पीक बदला म्हणणाऱ्यांनी आमच्याकडं या. आम्ही द्राक्षं लावून बदललंच होतं ना? 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अजून डोळ्यासमोर आहे. साखर भरलेला घड, दोन दिवसांत तोडणी, आणि पाऊस आला की मणी तडकतो, मग कूज. त्याआधी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस राहिला की डाऊनी हा बुरशीचा रोग, रात्री अकरा वाजता ट्रॅक्टर काढून फवारणी करतो आम्ही. एका छाटणीत कर्ज फिटतं नाहीतर डोंगर होतो.

सुनंदा_धाराशिव
तुम्ही पिकांवर भांडा, मला एक सांगा, पाऊस मोजतो कोण आणि कुठं? आमच्या महसूल मंडळाचं, म्हणजे बऱ्याच गावांना मिळून एकच, पाऊस मोजायचं यंत्र आमच्या गावापासून चौदा किलोमीटरवर. अतिवृष्टी धरायला चोवीस तासांत 65 मिमी पाहिजे. आमच्या रानात बांध फुटला, विहिरीत गाळ गेला, आणि यंत्रावर 58. म्हणजे आमच्याकडं पाऊसच झाला नाही. 2023 ला उलटं, पाऊस नव्हता म्हणून सलग 21 दिवस पावसाचा खंड पडला की विम्याचे पैसे मिळतील असं वाटलं, तर मंडळाच्या गावात अठराव्या दिवशी एक सर आली आणि कागदावर खंड मोडला. आमच्या रानात त्या दिवशी धूळ उडत होती.

काळं_रान (औसा)
ताई अगदी बरोबर. आमचं यंत्र एका इमारतीला लागून आहे, वर झाडाची फांदी. त्याच्यात काय पडणार?

माती_परीक्षण
विषय भरकटतोय. वळवाचा पाऊस असतोच तसा, एका शिवारात बदाबदा, दुसऱ्यात ऊन. गावोगाव यंत्र बसवलं तरी ओढ्याअलीकडं आणि पलीकडं फरक राहणारच.

सुनंदा_धाराशिव
भरकटत नाहीये, हाच विषय आहे! तुम्ही सरासरी म्हणता ती याच यंत्रांतून येते ना? चौदा किलोमीटर म्हणजे ओढ्याची अलीकडची बाजू नव्हे. आमच्यातल्या एका बाईचं अख्खं रान खरडून गेलं, बहात्तर तासांत तक्रार करा म्हणे, तीन दिवस लाईट नाही, मोबाईलला रेंज नाही, तिनं कुठून करायची? विमा कंपनीचा माणूस बारा दिवसांनी आला तेव्हा पाणी ओसरलेलं. तुमचं शिक्षण मोठं असेल, पण असं लिहिताना जरा विचार करा.

माती_परीक्षण
शिक्षणावर कशाला जाता. माझीही सहा एकर आहे, मंगळवेढ्याकडं, तीही गेलीय दोनदा. यंत्राच्या अंतराचं मान्य, गावागावात हवं, आणि खंड मोजताना शेजारच्या मंडळाचा आकडाही बघायला हवा. उसाचं मात्र मी मागं घेत नाही. काळ्या खोल रानात ओलीवर मालदांडी ज्वारी येते, माझ्या वडिलांनी एकही पाणी न देता काढलीय.

उसाचा_फड
मालदांडीला मजूर कुठून आणायचा? काढायला, खुडायला कोणी येत नाही. कडब्याला गिऱ्हाईक आहे हे खरं, पण तेवढ्यावर भागत नाही.

काळं_रान (औसा)
सर, पीक निवडीवर एवढंच मानतो की सलग सोयाबीन माझी चूक होती. यंदा चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर, आणि बीबीएफनं, म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडून, पेरणार, पाणी झालं तर सरीतनं निघून जाईल. पण तूर ढगात गेली तर पुन्हा माझ्याकडं बोट दाखवू नका.

सुनंदा_धाराशिव
मी सरळ कडेचा डबा अंगणात मोकळ्या जागी ठेवलाय, पट्टीनं रोज सकाळी आठला मोजते, तारीख टाकून वहीत लिहिते. यंत्रावर 58 लागलेल्या दिवशी माझ्या डब्यात 91 होता. तहसीलमध्ये वही घेऊन गेले, साहेब म्हणाले ही नोंद चालत नाही. या जूनपासून शेजारच्या चौघी पण डबे ठेवणारेत, तुमच्यापैकी कुणी ठेवत असेल तर आठचीच वेळ धरा.